कार्टूनमधले ‘बोंइंग’ आणि चेन्नईचे मोर्सिंग

१. प्रश्न

कार्टूनमध्ये एखादे पात्र स्प्रिंगवर बसते, छतावर डोके आपटून खाली येते आणि पुन्हा उडते. त्या वेळी ऐकू येणारा आवाज इंग्रजी चित्रकथांत ‘बोंइंग’ असा लिहितात. मराठीत यासाठी ‘टुणकन’ हा शब्द आहे. म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा ‘टुणुक टुणुक’ जातो, तोही याच नात्यातला. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनी आली आणि पुढच्या पिढीच्या कानांना हा आवाज रोजचा झाला. त्या पिढीतला कोणी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या संगीत हंगामात, चेन्नईच्या एखाद्या सभेत जाऊन बसतो. (इथे संगीत संस्थेलाच ‘सभा’ म्हणतात.) मृदंगम् वादकाच्या शेजारचा कलाकार एक लहानसे लोखंडी वाद्य दातांना टेकवतो, त्यावर बोट मारतो, आणि आपल्या श्रोत्याच्या मनात पहिला विचार येतो तो कार्टूनचा. पुष्कळांना हसूही येते.

ते वाद्य म्हणजे मोर्सिंग. राजस्थानात त्याच्याच जातीच्या वाद्याला मोरचंग म्हणतात, नेपाळमध्ये मुर्चुंगा. आसाममध्ये बिहूच्या वेळी वाजणारी बांबूची गगना याच कुळातली. इंग्रजीत ‘जॉ हार्प’ हे नाव चालते.

या टिपणात दोन प्रश्न घेऊ. पहिला मोजमापाचा आहे: कार्टूनमधला तो आवाज खरोखर मोर्सिंगच्या जातीच्या वाद्याचा आहे का, आणि ते कसे ठरवायचे? दुसरा समीक्षेचा आहे: वाद्याचे नाव कळले म्हणजे वाद्य कळले का? पहिल्याचे उत्तर नीट मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून क्रमाने जाऊ.

२. खात्रीचा नमुना

प्रयोगशाळेत अनोळखी पदार्थ ओळखायचा असेल तर आधी ओळखीचा, खात्रीचा नमुना हाताशी ठेवतात. आवाजाचेही तसेच आहे. कार्टूनमध्ये बहुतेक आवाज पडद्यामागून येतात. वाद्य दिसत नाही. त्यामुळे ज्या चित्रपटात वाद्य पडद्यावर दिसते आणि ऐकूही येते, तो आपल्या दृष्टीने मोलाचा.

असा एक चित्रपट आहे: १९६९ सालचा ‘अ बॉय नेम्ड चार्ली ब्राउन’. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ. कायम हरणारा चार्ली ब्राउन यात शाळेतली स्पेलिंगची स्पर्धा जिंकतो आणि पुढच्या स्पर्धेच्या तयारीला लागतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’ आधी की ‘ई’ आधी, हा नियम पाठ व्हावा म्हणून तो आणि त्याचा मित्र लायनस गाणे म्हणतात. साथीला असतो स्नूपी हा कुत्रा, आणि त्याच्या तोंडाशी असते जॉ हार्प.

या प्रसंगाकडे आपण पुढे पुन्हा येऊ. तूर्त इतके पुरे की अमेरिकी कार्टूनच्या जगात हे वाद्य होते, ते तोंडाशी धरून वाजवायचे हे चित्रकारांना माहीत होते, आणि पडद्यावर दिसणारे वाद्य व ऐकू येणारा आवाज यांची जोडी इथे लावता येते. संदर्भासाठी नमुना मिळाला. आता ते वाद्य चालते कसे ते पाहू.

३. वाद्याची रचना

मोर्सिंगची चौकट घोड्याच्या नालासारखी असते. नालाची दोन टोके पुढे निघून समांतर दांड्या होतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून पोलादाची एक पातळ पट्टी जाते. तमिळमध्ये तिला ‘नाक्कु’, म्हणजे जीभ, म्हणतात. तिचे एक टोक चौकटीला पक्के बसवलेले, दुसरे मोकळे आणि बाहेर वळवलेले. डाव्या हातात चौकट धरून दांड्या पुढच्या दातांना टेकवायच्या, आणि उजव्या हाताच्या तर्जनीने ते वळवलेले टोक छेडायचे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही जीभ लगेच ओळखावी: एक टोक बांधलेले, एक मोकळे, म्हणजे कॅन्टिलिव्हर. ती सेकंदाला किती वेळा हलेल हे तिच्या ताठपणावर आणि वस्तुमानावर ठरते. वस्तुमान वाढले की वारंवारता वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. मोर्सिंगवादक याच नियमाने वाद्य स्वरात लावतो. जिभेच्या टोकाला मधमाशीच्या मेणाचा ठिपका लावला की स्वर उतरतो. जिभेचे परिणामी वस्तुमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढले तर स्वर बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतो. चढवायचा असेल तर कानशीने घासावे लागते, आणि त्यात जीभ बिघडण्याचा धोका असतो. म्हणून वादक वेगवेगळ्या स्वरांची अनेक मोर्सिंगे बाळगतो. गायकाचा षड्ज जसा असेल तसे त्यातले एक निवडतो.

एकदा वाद्य निवडले की त्याचा मूळ स्वर मैफल संपेपर्यंत बदलत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ओळख पटवण्याची किल्ली इथे आहे. समजा जिभेची वारंवारता ८० हर्ट्झ आहे. जीभ फटीतून जाता-येता हवेला ठरावीक वेळाने धक्के देते, म्हणून ८० च्या सगळ्या पटी त्या आवाजात असतात: १६०, २४०, ३२० आणि पुढे. या पटींना हार्मोनिक म्हणतात. नुसती पट्टी हवेत वाजवली तर असे होत नाही. कॅन्टिलिव्हरच्या कंपनाचा दुसरा प्रकार पहिल्याच्या सुमारे ६.२७ पट असतो, पूर्ण पटीत नसतो. मोर्सिंगचा भरीव, मानवी वाटणारा आवाज जिभेच्या आणि श्वासाच्या मेळातून येतो.

मग वादक बदलतो काय? तोंडाची पोकळी. आपण ‘ओ’ म्हणतो तेव्हा तोंडातल्या हवेचा दुसरा अनुनाद साधारण हजार हर्ट्झच्या खाली असतो. ‘ई’ म्हणताना तो दोन हजारांच्या वर जातो. मोर्सिंग वाजवताना घशातून आवाज काढायचा नसतो, पण जीभ आणि ओठ ‘ओ’ कडून ‘ई’ कडे नेले की त्या त्या भागातले हार्मोनिक उठून दिसतात. आता ‘बोंइंग’ हा शब्द पुन्हा म्हणून पाहा. आधी ‘ओ’, मग ‘इ’. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा लिहिला त्याने तोंडाची हालचालच अक्षरांत उतरवली.

४. परीक्षा

कार्टूनमध्ये उडी, आपटणे, चक्कर येणे यांसाठी वापरले जाणारे आवाज एकाच वाद्याचे नाहीत. संशयित निदान पाच आहेत, आणि घाईत ते सगळे ‘बोंइंग’ याच एका नावाखाली ढकलले जातात.

पहिला संशयित जॉ हार्प, म्हणजे आपले मोर्सिंग.

दुसरा फ्लेक्साटोन. तारेच्या चौकटीत पोलादाचा एक पातळ पत्रा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लवचिक पट्ट्यांवर लाकडी गोळ्या असतात. वाद्य हलवले की गोळ्या पत्र्यावर आपटतात, आणि अंगठ्याने पत्रा वाकवला की स्वर वर-खाली घसरतो. १९२० च्या दशकात हे वाद्य बाजारात आले. आर्नोल्ड शोनबर्ग यांनी वाद्यवृंदासाठीच्या ‘व्हेरिएशन्स’मध्ये (१९२८) आणि आराम खाचातुरियन यांनी पियानो कॉन्चेर्टोच्या संथ भागात (१९३६) ते वापरले. कार्टूनमध्ये भूत दिसले, गुडघे लटपटले, की बऱ्याचदा हेच ऐकू येते.

तिसरा व्हायब्रास्लॅप. वाकवलेल्या पोलादी सळईच्या एका टोकाला लाकडी गोळा, दुसऱ्या टोकाला सैल खिळे बसवलेली लाकडी पेटी. गोळ्यावर हात मारला की खिळे पेटीत खडखडत राहतात. लॅटिन अमेरिकेत गाढवाच्या जबड्याचे हाड तालवाद्य म्हणून वाजवत. त्यातले सैल दात खडखडत. हाडे फुटतात म्हणून मार्टिन कोहेन या अमेरिकी वाद्यनिर्मात्याने १९६० च्या दशकात हा टिकाऊ पर्याय बनवला.

चौथा संशयित आपल्या वर्गातला: बाकाच्या कडेवर दाबून छेडलेली फूटपट्टी. ती कंप पावत असतानाच आत ओढली की स्वर झपाट्याने चढतो, कारण कॅन्टिलिव्हरची वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेरचा भाग निम्मा केला की वारंवारता चौपट, म्हणजे स्वर दोन सप्तके वर.

पाचवा सगळ्यांत फसवा. ‘लूनी ट्यून्स’च्या सुरुवातीला वर्तुळे पडद्यावर येताना जो ताणलेला आवाज येतो, तो अनेकांना स्प्रिंगचा किंवा जॉ हार्पचा वाटतो. तो मांडीवर ठेवून वाजवायच्या विजेच्या स्टील गिटारचा आहे. त्याचे श्रेय फ्रेडी तव्हारेस या हवाई बेटांतल्या वादकाला दिले जाते. हेच तव्हारेस पुढे लिओ फेंडर यांच्याकडे गेले आणि ‘स्ट्रॅटोकास्टर’ या प्रसिद्ध गिटारच्या रचनेत त्यांचा हात होता.

या पाचांना वेगळे करायला एक साधी परीक्षा पुरते. आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता. फ्लेक्साटोन, फूटपट्टी आणि स्टील गिटार यांच्यात रेषाच तिरक्या होतात, कारण मूळ स्वर खरोखर घसरतो. व्हायब्रास्लॅपमध्ये आडव्या रेषा जवळजवळ नसतात. उभ्या रेघांची माळ दिसते, एकेक रेघ म्हणजे खिळ्याचा एकेक ठोका. मोर्सिंगमध्ये आडव्या, समांतर, एकसारख्या अंतरावरच्या रेषा दिसतात. त्या जागच्या हलत नाहीत. हलतो तो उजेड: आधी खालच्या रेषा ठळक, मग वरच्या.

थोडक्यात, मोर्सिंगमध्ये स्वर घसरत नाही, स्वरवर्ण बदलतो. आपला कान या दोन्हींची गल्लत करतो आणि म्हणतो, आवाज वर गेला. संगणक नसेल तर एकाच सुरात ‘ओ-ई’ म्हणून पाहा आणि मग एकच ‘ओ’ खालून वर खेचून पाहा. फरक कानाला कळला की कार्टूनमधले निम्मे कोडे सुटले.

मराठी कानाला घसरत्या स्वराचे वाद्य नवे नाही. नंदीबैलवाल्याची गुबगुबी काठी घासून वाजते आणि तिचा स्वर घुमत घसरतो. तमिळनाडूत पूम्-पूम् माडु घेऊन दारोदार जाणाऱ्या माणसाजवळची उरुमी याच पद्धतीने बोलते. यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्यात तारेचा ताण कमी-जास्त केला की स्वर वर-खाली होतो. ही सगळी वाद्ये स्पेक्ट्रोग्रामवर तिरक्या रेषा काढतील. मोर्सिंग त्यांच्या पंक्तीतले नाही.

५. हे तालवाद्य कसे?

इथे एक शंका येईल. दातांना लावायचे, श्वासाने फुलवायचे, जिभेने घडवायचे वाद्य. त्याला तालवाद्य का म्हणायचे?

वर्गीकरणाचा प्रश्न जुना आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात नाट्यशास्त्रापासून चालत आलेली चार वर्गांची पद्धत आहे: तत, सुषिर, अवनद्ध, घन. म्हणजे तारेची, फुंकीची, कातड्याची आणि स्वतःच्या अंगानेच वाजणारी. १८७६ मध्ये कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा संग्रह भेट पाठवला. ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर माहियों यांनी १८८० मध्ये चार वर्गांची यादी छापली, तिच्यामागे ही भारतीय पद्धत होती. त्यावरूनच १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी आजची जगभर चालणारी पद्धत तयार केली. तीत जॉ हार्प घनवाद्यांत आहे, छेडून वाजवायच्या उपगटात. काही संशोधक हवेच्या वाट्यावर बोट ठेवून तिला वायुवाद्य म्हणतात. जर्मन भाषेने या वादात पडण्याआधीच निकाल दिला होता: तिथे या वाद्याचे नाव ‘माउलट्रोमेल’, शब्दशः तोंडाचा ढोल.

पण वर्गीकरणापेक्षा पक्के उत्तर वरच्या आकड्यांत आहे. ८० हर्ट्झच्या मोर्सिंगवर आठवा, नववा, दहावा आणि बारावा हार्मोनिक घ्या: ६४०, ७२०, ८००, ९६०. गुणोत्तर ८:९:१०:१२, म्हणजे सा, रे, ग, प. सूर मिळतात, पण पायऱ्यांवर बसलेले. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारता येते, मधल्या जागेत थांबता येत नाही. कर्नाटक संगीतात रागाचा जीव गमकांत असतो, दोन स्वरांमधल्या हेलकाव्यांत. मोर्सिंगच्या रेषा जागच्या हलत नाहीत म्हणून ते राग गाऊ शकत नाही. युरोपात ही मर्यादा पत्करूनही लोकांनी त्याला सुरांच्या कामाला लावले; बेथोव्हेनचे एक गुरू आल्ब्रेख्ट्सबर्गर यांनी अठराव्या शतकात जॉ हार्पसाठी कॉन्चेर्टो लिहिले. दक्षिण भारताने वेगळा हिशोब केला. सूर एकच आहे ना, मग तो षड्जाशी जुळवून ठेवा आणि बाकी सगळी बुद्धी वेळेच्या हिशोबात घाला.

६. समीक्षा

आता दुसरा प्रश्न. कार्टून या वाद्याचे काय करते, आणि चेन्नई काय करते?

कार्टूनला एक आघात हवा असतो. पात्र उडाले, आवाज झाला, प्रेक्षक हसला, दृश्य पुढे गेले. आघातानंतर काय, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. यात गैर काही नाही. हालचाल आणि आवाज एका क्षणात घट्ट बांधणे ही त्या कलेची कमाई आहे. वॉर्नर ब्रदर्सचे ध्वनिसंकलक ट्रेग ब्राउन यांनी असे क्षण इतक्या नेमकेपणाने बसवले की आवाज काढून टाकला तर विनोदही जातो. पण या वापराची किंमत वाद्य मोजते. एक आघात म्हणजे एक अक्षर. एका अक्षरावरून भाषा कळत नाही, फक्त उच्चार गमतीदार वाटतो.

हे एका कार्टूननेच फार चांगले सांगितले आहे. १९५० सालच्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ या यूपीए स्टुडिओच्या लघुपटाची कथा डॉ. स्यूस यांची, दिग्दर्शन रॉबर्ट कॅनन यांचे. त्याला त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले. जेराल्ड नावाचे लहान मूल बोलायला लागते तेव्हा तोंडातून शब्द येत नाहीत, ‘बोइंग बोइंग’ येते. डॉक्टर हात टेकतात, शाळा परत पाठवते, मुले खेळायला घेत नाहीत. घर सोडून निघालेल्या जेराल्डला शेवटी रेडिओ केंद्राचा मालक गाठतो आणि आवाज काढण्याच्या कामाला लावतो. संगीत गेल कुबिक यांचे. त्यांनी नंतर याच कथेचे मैफलीसाठी रूप केले, त्यात निवेदक आणि काही वाद्यांच्या बरोबरीने तालवादकाला प्रमुख काम आहे: जेराल्डचे बोलणे तालवाद्ये बोलतात.

गोष्ट गोड शेवटाची आहे, पण नीट पाहिली तर तिच्यात एक सल आहे. जेराल्डला जग स्वीकारते ते आवाजांचा पुरवठादार म्हणून. त्याला काय म्हणायचे आहे हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. मोर्सिंगचे कार्टूनमधले आयुष्य नेमके असे आहे.

चेन्नईत हेच ‘बोइंग’ बोलते. मोर्सिंगवादक आधी वाद्य शिकत नाही, आधी तोंडाने सोल्लुकट्टु शिकतो: ‘त दि तोम् नम्’, ‘त क दि मि’, ‘त कि ट’. तबल्याचा विद्यार्थी ‘धा धिन धिन धा’ म्हणतो तसेच, फक्त इथे हिशोब अधिक गुंतागुंतीचा. मृदंगम् वादक हे बोल बोटांवर नेतो, घटम् वादक मडक्यावर. मोर्सिंगवादक ते तोंडातच ठेवतो. दातांमागे त्याची जीभ तेच बोल निःशब्द उच्चारत असते आणि लोखंडी जीभ त्यांना आवाज पुरवते. सगळ्या तालवाद्यांत बोल आणि वादन यांच्यात इतके कमी अंतर दुसरीकडे नाही. श्रीरंगम कण्णन किंवा बंगळुरूचे एल. भीमाचार यांच्यासारख्यांचे वादन ऐकताना अक्षरे जवळजवळ ऐकू येतात ती म्हणूनच.

हे सगळ्यांत स्पष्ट कळते ते तनि आवर्तनात, म्हणजे मैफलीत तालवाद्यांना स्वतंत्र वेळ मिळतो तेव्हा. मृदंगम् वादक एक विचार मांडतो, इतर आपापल्या वाद्यावर उत्तर देतात. मग ‘कुरैप्पु’: दोघांचे आळीपाळीने वाजवणे लहान लहान होत जाते. आधी दोन आवर्तने, मग एक, मग अर्धे, मग पाव, आणि शेवटी दोघे एकत्र येऊन ‘कोर्वै’ने समेवर उतरतात. आठ मात्रांच्या आदि तालात हे बोटांवर मोजत ऐका. मोर्सिंगच्या त्या ‘गमतीदार’ आघातांमधले अंतर किती काटेकोर आहे हे तिथे कळते. हसू येण्याचे कारण उरत नाही. मोजायलाच वेळ पुरत नाही.

आणि नेमके याच वेळी सभागृहातले बरेच श्रोते उठून कँटीनकडे जातात. हा चेन्नईचा जुना रिवाज आहे आणि त्याचा फटका सगळ्या तालवादकांना बसतो. पण मोर्सिंगला जास्त, कारण त्याचा दर्जाच ‘उपपक्कवाद्य’, म्हणजे दुय्यम साथ. त्याचा आवाज नाजूक आहे, मायक्रोफोन जरा चुकला तर मृदंगमाखाली बुडतो. मंचावर जागा कमी पडली किंवा खर्च वाचवायचा झाला तर आधी कोण वगळले जाते, हे वेगळे सांगायला नको. कार्टूनवाल्याने वाद्याचे एक अक्षर तरी ऐकले. कँटीनमध्ये गेलेल्या रसिकाने तेही ऐकले नाही. तेव्हा टीका करायची तर ती एकट्या अमेरिकी स्टुडिओंवर करून भागणार नाही.

या पार्श्वभूमीवर स्नूपीचा प्रसंग पुन्हा पाहा. तिथे वाद्य उडी मारायला वापरलेले नाही, कोणी आपटलेले नाही. दोन मुले एक नियम तोंडपाठ करत आहेत आणि जॉ हार्प त्यांच्या गाण्याला साथ देते. पाठांतर, ठेका, तोंड आणि वाद्य एका जागी आलेले आहेत. सोल्लुकट्टुच्या शिकवणीशी त्याचे नाते लांबचे असेल, पण खरे आहे. मेलेंडेझ हे यूपीएमध्ये ‘जेराल्ड’च्या चित्रकारांपैकी एक होते. एकोणीस वर्षांनंतर स्वतःच्या चित्रपटात त्यांनी ‘बोइंग’ला एका आघाताच्या पलीकडे जाऊ दिले, हा योगायोग असला तरी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रसंगाचा पुढचा भागही शिक्षकांनी विचार करावा असा आहे. चार्ली ब्राउन शेवटच्या फेरीपर्यंत जातो आणि ‘बीगल’ या शब्दावर चुकतो. स्नूपी बीगल जातीचाच आहे. पाठ केलेला नियम या शब्दाला लागूच नव्हता. रोज शेजारी बसून साथ करणाऱ्याचे नाव मात्र त्याला नीट लिहिता आले नाही.

७. समारोप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: कार्टूनमधले प्रत्येक ‘बोंइंग’ मोर्सिंगचे नसते. रेषा आडव्या आणि उजेड हलता असेल तर ते जॉ हार्पच्या कुळातले. रेषा तिरक्या असतील तर दुसरीकडे शोधा. दुसऱ्याचे उत्तर: इतके करूनही हाती फक्त नाव लागते. वाद्य ओळखायचे तर त्याचे दोन आघात ऐकावे लागतात आणि त्यांच्यामधली वेळ मोजावी लागते. चेन्नईत असाल तर यंदाच्या मार्गळीत तनि आवर्तन सुरू झाल्यावर जागेवर बसून राहा. कँटीनमधली कॉफी नंतरही मिळते.

करून पाहा

१. फूटपट्टीचा बाहेरचा भाग २० सेंमी आणि मग १० सेंमी ठेवून दोन्ही आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. वारंवारता खरोखर चौपट येते का? येत नसेल तर का, याची दोन कारणे लिहा.

२. एकाच सुरात ‘ओ-ई’ म्हणा आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम पाहा. मग ‘ओ’ खालून वर खेचा. दोन्ही चित्रांतला फरक आपल्या शब्दांत मांडा.

३. आवडीच्या कार्टूनमधले तीन ‘उडीचे’ आवाज निवडा. वरच्या पाच संशयितांपैकी प्रत्येक आवाज कोणाचा, हे कारणासह ठरवा. पाचांत न बसणारा आवाज सापडला तर त्याच्या रेषांचे वर्णन करा. नाव नंतर शोधता येईल.

४. मोर्सिंगचे कोणतेही तनि आवर्तन ऐका आणि आदि तालाच्या आठ मात्रा हाताने मोजा. कितव्या आवर्तनानंतर तो आवाज विनोदी वाटेनासा झाला, ते नोंदवा.